मदत हवी आहे: बर्लिनमध्ये बाळ झालं, बर्थ सर्टिफिकेट अडकलंय, इंडियन एम्बसीत पासपोर्टचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणालाच नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही बर्लिनला राहतो. नवरा मार्च २०१९ मध्ये ब्लू कार्डवर (म्हणजे नोकरीसाठीच्या परवान्यावर) आला, मी लग्नानंतर २०२१ मध्ये. सात आठवड्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. आम्ही दोघी ठणठणीत आहोत, पण बाळाचं बर्थ सर्टिफिकेट अजून हातात नाहीये आणि ते नाही म्हणून पुढचं एकही काम हलत नाहीये. घाई अशासाठी की माझी आजी वाईला असते, ८७ वर्षांची आहे, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. आई नोकरीला जायची त्यामुळे मला आजीनेच वाढवलंय. व्हिडिओ कॉलवर बाळाला बघायचं म्हणून फोन इतका डोळ्यांजवळ धरते की आम्हाला नुसतं तिचं कपाळ आणि चष्म्याची काडी दिसते, आणि प्रत्येक वेळी एकच विचारते, कधी आणतेस गं. मला तिला तारीख सांगायचीय.

तर झालं असं. डिलिव्हरीनंतर हॉस्पिटलनेच आमच्या भागातल्या श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणी ऑफिसला, कळवलं. आम्ही दोघांचे पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्याची जर्मन भाषांतरं असं सगळं दिलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं की या आणि भेटा.

पहिली हरकत अपोस्टिलची. पुण्यातल्या एका एजंटने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की परराष्ट्र खात्याचा अपोस्टिलचा शिक्का मारला की कागद युरोपात कुठेही चालतो. माझ्या बाबांनी वयाच्या ६८व्या वर्षी त्यासाठी वाई नगरपालिका आणि मुंबई अशा चार खेपा घातल्या, एकदा तर पावसात घाटात दोन तास एसटी अडकली होती. आणि इथे बाई म्हणाल्या की भारताचा अपोस्टिल जर्मनीत धरतच नाहीत, तुमचे कागद मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटमार्फत तपासून घ्यावे लागतील, त्याचा खर्च तुमचा आणि वेळ काही महिने. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही, धीरच होत नाहीये.

दुसरी हरकत नावाची. आपल्याकडे लिहितात तसं आम्ही फॉर्मवर बाळाचं नाव, मग बाबाचं नाव, मग आडनाव लिहिलं. त्या बाईंनी पेन्सिलने मधल्या नावाभोवती हळूच गोल केला आणि विचारलं, हे पुरुषाचं नाव आहे ना, मग मुलीला कसं? मी समजावलं की आमच्याकडे मुलगा असो की मुलगी, वडिलांचं नाव मध्ये लागतंच. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण वरिष्ठांना विचारते म्हणाल्या. त्यात माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आणि जन्मदाखल्यावर मुळात माझं नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं, नाव मागाहून चढवलंय. बाईंना वाटत असेल या तीन वेगळ्या बायका आहेत.

आता माझे प्रश्न. बर्थ सर्टिफिकेट नसताना एम्बसीत पासपोर्टचा अर्ज करता येतो का, निदान प्रवासापुरता एखादा कागद मिळतो का? जन्माची नोंद एम्बसीत एका वर्षात करावी लागते असं वाचलं, ते खरं का? बाळाच्या रेसिडेन्स परमिटसाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो आणि त्याला पासपोर्ट लागतो, मग तोपर्यंत काय? आणि वडिलांचं नाव काढून टाकलं तर काम लवकर होईल का? नवरा म्हणतो टाकूया काढून, आजीला भेटणं महत्त्वाचं. मला मात्र ते नाव हवंय.

कृष्णाकाठची:
ताई, आधी बाळाचं आणि तुमचं अभिनंदन. मी पण यातून गेलेय त्यामुळे सगळ्यात आधी दोन गोष्टी, आजच करा. एल्टर्नगेल्ड (बाळासाठी रजा घेणाऱ्या आईवडिलांना सरकार देतं तो भत्ता) मागे जाऊन फक्त तीन महिन्यांचंच मिळतं आणि किंडरगेल्ड (मुलासाठीचा दरमहा भत्ता) सहा महिन्यांचं, त्यामुळे सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका, अर्ज टाकून द्या आणि त्यावर लिहा की जन्मदाखला मागाहून देतो. सात आठवडे झालेत म्हणजे वेळ आहे पण फार नाही. दुसरं म्हणजे श्टांडेसआम्टला 'बेग्लाउबिग्टर रेगिस्टरआउसड्रुक' मागा, जन्म रजिस्टरमधल्या नोंदीची प्रमाणित प्रत. आईवडिलांची ओळख किंवा नावं अजून सिद्ध झाली नाहीत असा शेरा टाकून ते नोंद करू शकतात आणि मग सर्टिफिकेटऐवजी ही प्रत देतात. शेरा वाचून मला रडू आलं होतं, पण कागद कायदेशीर आहे आणि त्यावर कामं होतात. तपासणी पूर्ण झाली की शेरा जातो. त्या आपणहून बोलल्या नाहीत तर तुम्ही हा शब्द लिहूनच न्या.

जुना_बर्लिनवासी:
अपोस्टिलबद्दल त्या बाई बरोबर आहेत, चूक एजंटची आहे. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात आला पण जर्मनीने तेव्हा हरकत नोंदवली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का लागू होत नाही. इतर बऱ्याच देशांत चालतो म्हणून एजंट सरसकट सांगतात आणि म्हाताऱ्या माणसांना फुकट फिरवतात, याचा मला फार राग येतो. तपासणी कशी होते ते सांगतो. इथलं ऑफिस मुंबईच्या कॉन्सुलेटला कळवतं, महाराष्ट्र त्यांच्याकडे येतो, ते एक विश्वासातला वकील नेमतात. तो नगरपालिकेत जाऊन मूळ रजिस्टर बघतो, कधी घरी येऊन घरच्यांना, शेजारपाजारच्यांना पण विचारतो. तुमच्या बाबांना एवढंच सांगा की लग्नाच्या नोंदीचा नंबर, तारीख, साक्षीदार कोण होते ते एका कागदावर लिहून ठेवा आणि कोणी आलं तर घाबरू नका. त्यांच्या खेपा वाया गेल्या असं सांगू नका, त्यांनी आणलेला मूळ दाखलाच तर तपासला जाणार आहे.

एम्बसीचं: हो, एक वर्षाचं खरं आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात एम्बसीत किंवा कॉन्सुलेटमध्ये करावी लागते, उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. या शेवटच्या वाक्यावरून एक विचारतो. तुमच्या मिस्टरांकडे निडरलासुंग, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्स आहे का? आणि श्टांडेसआम्टने ते इथे कधीपासून राहतात याचा फॉर्म भरून घेतला होता का?

म्युनिकवाली:
मध्येच विचारतेय, आम्ही बव्हेरियात आहोत, सप्टेंबरमध्ये ड्यू आहे, आम्हाला पण बर्लिनला यावं लागेल का?

जुना_बर्लिनवासी:
नाही हो, बव्हेरियाचं काम म्युनिकच्या कॉन्सुलेटकडे. फ्रँकफुर्ट आणि हॅम्बुर्गला पण आहेत. तुमचा राहता पत्ता ज्यांच्या हद्दीत येतो तिथेच जायचं.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार, एल्टर्नगेल्डचा अर्ज कालच पोस्टात टाकला. आणि हो, नवऱ्याला २०२२ मध्ये निडरलासुंग मिळालंय. तो फॉर्म पण भरून घेतला होता, मला वाटलं असंच रेकॉर्डला हवं असेल. का विचारलंत?

जुना_बर्लिनवासी:
कारण मग तुमची मुलगी जन्मतःच जर्मन नागरिक आहे. आईवडिलांपैकी एकजण पाच वर्षं इथे कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा परवाना असेल तर इथे जन्मलेलं मूल आपोआप जर्मन होतं, अर्ज बिर्ज काही नाही. २७ जून २०२४ च्या आधी हीच अट आठ वर्षांची होती. म्हणजे रेसिडेन्स परमिट आणि ते सहा महिने, हा विषयच संपला.

आता भारताच्या बाजूने. आपल्या कायद्यात मोठ्या माणसाला दोन नागरिकत्वं नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ मध्ये अशा मुलांसाठी एक तरतूद आहे की मूल वंशाने भारतीय आणि जन्माने दुसऱ्या देशाचं असेल तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं सोडायचं, नाहीतर भारतीय जातं. पण पासपोर्ट एकच. जर्मन पासपोर्ट काढला की एम्बसीतलं ते लिहून देणं शक्य नाही, मग पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते कार्ड. दोन्हीकडे अर्ज टाकून बघू असं कृपा करून करू नका, एम्बसीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि मग एकच वाट धरा.

आजीसाठी विचाराल तर जर्मन पासपोर्टची वाट जवळची दिसते. लहान मुलांचा वेगळा किंडरपास २०२४ पासून बंद झालाय, आता बाळालाही साधा पासपोर्ट, ३७.५० युरो, सहा वर्षं चालतो, बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा ऑफिसात, थोडे जास्त पैसे भरून एक्सप्रेस पण मिळतो. त्यावर भारताचा ई-व्हिसा काढता येतो, ओसीआयची वाट बघायची गरज नाही. ओसीआयवाल्याला मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येऊ शकते. वाईची शेती असेल तर घरी हे सांगा, आमच्याकडे वडिलांचा पहिला प्रश्न तोच होता.

इवलीशी:
नाव अजिबात काढू नका!! आमच्या मुलीच्या वेळी हाच वाद झाला होता. १ मे २०२५ पासून इथे राहणाऱ्याच्या नावाला मुळात जर्मन कायदा लागतो, त्यात आपलं मधलं नाव म्हणजे दुसरं फोरनामं, आडनावाआधीचं बाळाचं स्वतःचंच आणखी एक नाव. आणि नावावरून मुलगा की मुलगी कळलंच पाहिजे असा नियम नाही. कार्ल्सरूहच्या संविधान न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ ला हे सांगितलंय, तेही आपल्याच नावावरून! एका मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, श्टांडेसआम्ट म्हणत होतं सोबत स्पष्ट मुलीचं नाव लावा, कोर्ट म्हणालं बाळाचं नुकसान होत नसेल तर आईवडिलांची निवड चालते. तुमच्या मुलीचं तर पहिलं नाव मुलीचंच आहे. हा निकाल प्रिंट काढून न्या. एकच लक्षात ठेवा, जे नाव जन्माच्या नोंदीत जाईल तेच अक्षर न अक्षर पुढे सगळीकडे लागेल, तेव्हा स्पेलिंग दोघांनी बसून तपासा.

आणि इंडियन पासपोर्टच्या वाटेने गेलात तर फॉर्मवर बाळाचा अंगठा लागतो. जागं असताना मुठी सोडवत नाहीत, दूध पिऊन झोपलं की अंगठा अलगद मोकळा होतो, तेव्हा घरीच घ्या. एम्बसी टिअरगार्टनस्ट्रासंवर १७ नंबरला, पोट्सडामर प्लाट्झकडून २०० नंबरची बस. राजस्थानच्या लाल दगडाची गोल भिंत लांबूनच ओळखू येते, शेजारी साउथ आफ्रिका आणि पलीकडे तुर्कस्तान. बाळंतपणानंतर घरातून पहिल्यांदा इतक्या लांब मी तिथेच गेले होते, तो दगड बघून घरच्यासारखं वाटलं होतं.

धागाकर्ती:
काय बोलू, रात्री दोन वाजता बाळाला पाजता पाजता हे सगळं वाचलं आणि नवऱ्याला उठवून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की तिचा पासपोर्ट आपल्यासारखा नसणार हे मनाला लागतंय. मलाही लागतंय, खोटं कशाला बोलू. पण आजीला आत्ता भेटायचंय, त्यामुळे एम्बसीला ईमेल टाकलाय आणि उत्तर आलं की बहुतेक जर्मन पासपोर्टच काढू. मधलं नाव राहणार, हे मात्र दोघांचं ठरलंय. बाबांना पण फोन केला, त्यांनी साक्षीदारांची नावं वहीत लिहूनसुद्धा ठेवली, एक साक्षीदार मामा वारलेत तर चालेल का विचारत होते. जुने बर्लिनवासी, चालतं ना हो?

शुक्रवारी सकाळी श्टांडेसआम्टला जातोय, रेगिस्टरआउसड्रुक शब्द कागदावर लिहून घेतलाय, किरणचा निकाल पण. अजून एक विचारायचं राहिलं, इतक्या लहान बाळाला घेऊन बर्लिनहून मुंबईला कोणी गेलंय का? मध्ये थांबा घ्यावाच लागतो, तर तो लांबचा बरा की जवळचा, आणि मुंबईहून वाईपर्यंत गाडीत बाळाला कसं न्यायचं?