प्रतिसाद: आयती जागा कसली!

ब्रूस ली वारल्यावर कुंग-फू सिनेमांत रिकामी झालेली जागा जॅकी चॅनला आयती मिळाली, हे म्हणणं काही पटलं नाही. ब्रूस ली १९७३ मध्ये वारला. त्यानंतर काम आटलं म्हणून जॅकी पठ्ठ्या ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आईवडिलांकडे जाऊन बांधकामावर राबत होता. 'जॅकी' हे नावही तिथलंच. १९७६ मध्ये हाँगकाँगचा निर्माता-दिग्दर्शक लो वेई याने परत बोलावून त्याला दुसरा ब्रूस ली करायचा खटाटोप केला, पण बहुतेक सिनेमे आपटले.

१९७८ मध्ये लो वेईने त्याला दुसऱ्या सिनेमा कंपनीला उसना दिला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याला विनोद करू दिला. पडद्यावर मार बसला की जॅकी चक्क कळवळतो, हात झटकतो. ब्रूस लीने असलं कधी केलं असतं का?