मदत हवी आहे: वॉकर कप बघायला लहिंचला कसं जायचं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा येरवड्याच्या मैदानावर गोल्फ शिकतोय. सप्टेंबर 2026 मध्ये आयर्लंडच्या लहिंच क्लबवर वॉकर कप ही सांघिक गोल्फ स्पर्धा आहे, ती त्याला दाखवायची फार इच्छा आहे. क्लब 1892 चा, अगदी समुद्रकाठी. तिथलं एक होल टेकडीआड लपलेलं. खड्ड्याभोवतीची हिरवळ दिसतच नाही, टेकडीवरच्या पांढऱ्या दगडाकडे बघून फटका मारायचा! स्पर्धा अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड, सगळे हौशी खेळाडू. त्यातल्या फोरसम्स या प्रकारात एका बाजूच्या दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने फटके. पोराने हेच बघायला हवं, एरवी हा खेळ फार एकट्याचा.

शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. पुण्यातून आयर्लंडचा व्हिसा कुणी काढलाय का? शॅनन विमानतळावर उतरून पुढे बस बरी की गाडी? राहायला जवळचं एनिस गाव सोयीचं पडेल का?