युवा सेवेत असताना तुमची श्रद्धा कुठे बदलली? (अनुभव धागा)

गेली सात वर्षं मी चर्चच्या युवा गटात काम करते. पहिली दोन वर्षं शिबिरं, गाणी, नाटुकली यांतच गेली आणि आपण देवासाठी खूप काही करतोय असं वाटायचं. मग एका संध्याकाळी प्रार्थनासभा संपल्यावर गाण्यांच्या वह्या गोळा करताना गटातल्या पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "ताई, तू प्रार्थना करतेस तेव्हा खरंच कुणी ऐकतंय असं वाटतं तुला?"

उत्तर तोंडावर तयार होतं, कारण त्याच विषयावर मी तासाभरापूर्वी बोलले होते. पण तिच्या डोळ्यांकडे बघून ते बाहेर पडेना. मी खरं ते सांगितलं, "शेवटचं कधी वाटलं, ते आठवत नाही गं." ती म्हणाली, "मग ठीक आहे. मला वाटलं मलाच वाटत नाही."

रात्री लक्षात आलं की गेल्या तीन आठवड्यांत मी एकटीनं एकदाही प्रार्थना केली नव्हती. जी काही केली ती माइक हातात धरून. दुसऱ्या दिवसापासून येत्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) घेऊन रोज पंधरा मिनिटं बसायला लागले. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयानं या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग निःशब्द चिंतन. कित्येक महिने मी पहिल्याच पायरीवर होते. तरी उठले नाही, आणि माझ्या श्रद्धेची खरी सुरुवात मी तिथूनच धरते.

तुम्हीही लिहा. किती मुलं आली, कार्यक्रम किती मोठा झाला, ते नको. तुमच्या आत काय हललं ते हवंय. अजून काहीच हललं नसेल, तर तेसुद्धा लिहा.

* * *

मी साउंड बघतो. आराधनेच्या वेळी सगळे गुडघ्यांवर असतात आणि मी मिक्सरमागे उभा. चार वर्षं पवित्र साक्रामेंताकडे, म्हणजे आराधनेसाठी वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्ताच्या भाकरीकडे, मी नीट पाहिलंही नव्हतं, नजर कायम त्या लाल दिव्यांवर.

एका रिट्रीटच्या (प्रार्थना-शिबिराच्या) रात्री ऐन आराधनेत मुख्य वायरचा जोड निखळला. गिटार गेलं, गाणाऱ्यांचे माइक गेले. मी टॉर्च तोंडात धरून जमिनीवर पालथा पडलो आणि वायरची टोकं सोलायला लागलो. तांब्याच्या तारा बोटात घुसत होत्या, हात घामानं निसटत होते. दहाएक मिनिटांनी जाणवलं की कुणीच गडबड करत नाहीये. साठ-सत्तर पोरं शांत बसली होती. फादरांनी माझ्याकडे बघून नुसता हात खाली केला : राहू दे.

वायर तशीच सोडून मी तिथेच गुडघे टेकले. जवळपास पाऊण तास एक शब्दही नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी आवाज लावत होतो त्याला माझ्या आवाजाची गरज नव्हती. मी तिथे असावं एवढंच त्याला हवं होतं. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

काम आजही तेच करतो. फक्त आराधनेआधी पाच मिनिटं, सगळं बंद असताना, वेदीपुढे जाऊन बसतो.

* * *

दादा, तुमचं वाचून माझंही लिहायचं धाडस झालं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना प्रायश्चित्त संस्कारावर, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्यावर (कन्फेशन), सत्र घ्यायचं होतं. येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला, तक्ते केले, छान झालं. मी स्वतः दोन वर्षं कन्फेशनला गेले नव्हते. एक गोष्ट होती जी मला कुणाहीपुढे उच्चारायची नव्हती.

सत्रानंतर मुलं रांगेत उभी राहिली. मी बाजूला उभी राहून रांग सरळ करत होते, आणि एका मुलानं अगदी सहज विचारलं, "ताई, तुमचा नंबर कितवा?" टोमणा नव्हता, त्याला खरंच वाटलं की मी जाणारच. मी त्याच्या मागे उभी राहिले. पुढे अकरा जण. पाय थरथरत होते. आत गेल्यावर नेहमीची सुरुवातही आठवेना, तर फादरांनीच ती सांगितली.

त्या गटातले दोघं-तिघं आजही भेटतात. सत्रातलं त्यांना काही आठवत नाही. ताई रांगेत उभी होती, हे मात्र आठवतं.

* * *

माझा अनुभव वेगळा आहे. माझी श्रद्धा सेवेत असतानाच गेली होती.

मम्मी गेली तेव्हा मी गटाचा प्रमुख होतो. तिच्या आजारपणात गटानं जपमाळा केल्या, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केला. ती गेली. महिन्याभरानं मला मुलांसमोर उभं राहून 'देव ऐकतो' असं म्हणायचं होतं. ते जमणार नव्हतं. मी फादरांना सांगितलं की मी सोडतो.

त्यांनी समजूत घातली नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम सांगितला : मन कोरडं आणि अंधारात असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही, आहे तिथे टिकून राहायचं. मग म्हणाले, "बोलू नकोस, शिकवू नकोस. फक्त येऊन बस."

तसा मी आठ महिने मागच्या खुर्चीत बसलो. गाणी म्हणालो नाही. मुलं माझ्या बाजूला बसून गायची. आपल्याला जमत नसेल तेव्हा दुसरे आपल्या वाटणीची प्रार्थना करतात, हे पुस्तकात वाचलं असतं तर मला पटलं नसतं.

त्याच काळात फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठवासी संत तेरेसाबद्दल वाचलं. १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ ला मृत्यू येईपर्यंत तीही अशाच अंधारात होती. स्वर्ग आहे यावरचा विश्वाससुद्धा तिला हाताला लागत नव्हता. वय अवघं चोवीस, माझ्याहून एक वर्षानं लहान. तिनं त्या अंधारात प्रार्थना सोडली नाही, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बऱ्याच दिवसांनी 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' पूर्ण म्हटलं.

प्रश्न सुटलेला नाही. मम्मी का गेली, ते मला अजून कळत नाही. पण आता ते मी त्यालाच विचारतो.

* * *

वरच्या दादांसाठी आज जपमाळेचं एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना).

* * *

२०२३ च्या लिस्बनच्या जागतिक युवा दिनाला (जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला) जायला मिळालं. ५ ऑगस्टची रात्र, तेजो नदीकाठचं मैदान, सुमारे पंधरा लाख माणसं. पोप फ्रान्सिस आराधनेला बसले आणि एवढा अफाट जमाव गप्प झाला. ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

पण मला त्यानंतरच्या महिन्याबद्दल लिहायचंय. परत आलो, आमच्या शुक्रवारच्या सभेला सहा मुलं, त्यातली दोन वेळ बघत बसलेली. मला ते सहन होईना. सारखं लिस्बन आठवायचं आणि या सहांचा राग यायचा. मग एकदा लूकच्या शुभवर्तमानातला अम्माऊसचा प्रसंग समोर आला. पुनरुत्थित प्रभू, आणि त्या संध्याकाळी तो चालतोय कुणाबरोबर, तर निराश होऊन परत निघालेल्या दोघांबरोबर! मैलोन्‌मैल, त्यांच्या चालीनं, आधी त्यांचं ऐकून घेत.

त्या शुक्रवारपासून मी सहांकडे सहा म्हणून बघायला लागलो. वेळ बघणाऱ्या दोघांतला एक नंतर घराबाहेरच्या पायरीवर माझ्याशी दोन तास बोलला. पुढचा जागतिक युवा दिन ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला आहे. जायला मिळालं तर आनंदच, पण माझ्यासाठी शुक्रवार आधी.

* * *

मला स्टेजवर बोलता येत नाही. मी हजेरी लिहिते आणि जे आले नाहीत त्यांना फोन करते, एवढंच. ही काही सेवा नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मग योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य अंद्रिया सापडला. त्याचं एकही प्रवचन तिथे नाही. तो भावाला, पेत्राला, येशूकडे घेऊन येतो. पाच भाकरी आणि दोन मासळ्या असलेला मुलगा गर्दीत त्यालाच दिसतो. ग्रीक लोकांना येशूला भेटायचं असतं, तेव्हा निरोप पोचवणाऱ्यांतही तोच. आता फोन लावण्याआधी मी त्या मुलाचं नाव घेऊन क्षणभर डोळे मिटते. परवा एक मुलगी म्हणाली, "तुम्ही फोन केलात तेव्हा मी रडत होते." मला ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

* * *

मला एक चूक कबूल करायची आहे. आमच्या गटात एक मुलगा यायचा, सगळ्यावर शंका घ्यायचा. मरियेबद्दल, पोपबद्दल, संतांबद्दल. कोअर टीममध्ये मीच आग्रह धरला की त्याला शिबिराला न्यायचं नाही, बाकीच्यांवर परिणाम होईल. त्याला तसं कळवलं. तो परत आला नाही.

नंतर 'ख्रिस्तुस विवित' हे पत्र नीट वाचलं. ऑक्टोबर २०१८ च्या सिनडनंतर (बिशपांच्या सभेनंतर), २५ मार्च २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी तरुणांसाठी दिलेलं. त्यात सरळ म्हटलंय की दारं उघडी हवीत, आणि तरुणांच्या काही उपक्रमांत यायला चर्चची सगळी शिकवण आधी पूर्ण मान्य असावीच लागते असं नाही. मी ते पान तीनदा वाचलं. ज्या घराचा मी मालक नाही, त्याचं दार मी लावलं होतं.

त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानं चांगलं बोलून निरोप दिला, पण गटात आला नाही. रोज रात्री त्याचं नाव घेतो. माझ्या श्रद्धेतला ताठा त्या दिवशी मोडला, त्याची किंमत मात्र दुसऱ्या कुणीतरी मोजली, आणि हे मला विसरायचं नाहीये.

* * *

दादा, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. आम्हा सगळ्यांकडून असं एखादं दार लागलेलं आहे.

साउंडवाल्या दादांचं वाचून आमच्या टीमला विचारलं, तर निघालं ते असं : दहाजणांपैकी सातजणांनी कित्येक महिन्यांत एकही मिस्सा (चर्चमधली उपासना) काम न करता ऐकलेली नाही. कुणी क्वायरमध्ये, कुणी वाचनाला, कुणी दारात. म्हणून गेल्या महिन्यापासून प्रत्येकाला एक रविवार मोकळा ठेवलाय. फोन घरी, हातात वही नाही, कुणी काही विचारायचं नाही. माझी पाळी मागच्या रविवारी होती. मधल्या बाकावर अनोळखी माणसांत बसले. अर्पणाच्या वेळी सवयीनं दोनदा उठायला गेले. तिसऱ्यांदा बसूनच राहिले.