मदत हवी आहे : स्कायरिममध्ये बिनहत्यारी जादूगार पुढच्या टप्प्यात कशी टिकवावी?

नमस्कार मंडळी,

'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम २०११ साली आला आणि आजही तो नव्याने सुरू करणारे भेटतात, त्यामुळे माझ्या अडचणीचे उत्तर इथे कोणाकडे तरी असेल या भरवशावर हा धागा काढत आहे. मी ब्रेटन वंशाची जादूगार घेऊन खेळते. तिच्या हाती तलवार, धनुष्य किंवा ढाल द्यायची नाही आणि अंगावर चिलखत चढवायचे नाही, अशी अट मी स्वतःच घालून घेतली आहे. लेव्हल तिशीच्या पुढे गेली आहे, डिफिकल्टी 'मास्टर' (वरची अवघड पातळी) आहे, 'डॉनगार्ड' आणि 'ड्रॅगनबॉर्न' ही दोन्ही विस्तार-प्रकरणे आहेत, मात्र एकही मॉड (खेळाडूंनी बनवलेला बदल) घातलेला नाही.

सुरुवात फार गोड झाली. विंटरहोल्डच्या जादू-विद्यालयाच्या पुलावर तिथल्या फाराल्डाने परीक्षा घेतली तेव्हापासून 'डिस्ट्रक्शन' (आग, थंडी, विजेचे मारक मंत्र) हीच माझी मुख्य विद्या राहिली आणि फायरबोल्टच्या एका फटक्यात दरोडेखोर आडवे होत होते. आता मात्र कोणत्याही जुन्या थडग्यात शिरले की ठरलेला प्रकार घडतो. शवपेटीचे झाकण उडते, ड्रॉगर डेथलॉर्ड (जागे झालेले बलाढ्य प्रेत) बाहेर येतो, मी दोन्ही हातांनी 'इन्सिनरेट' हा आगीचा मंत्र सोडते, त्याची लाल पट्टी जेमतेम हलते आणि तेवढ्यात त्याच्या 'फुस रो दाह' या धक्का देणाऱ्या आरोळीने मी भिंतीवर जाऊन आपटते. त्यानंतर मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) भरेपर्यंत खांबाभोवती पळत राहणे एवढाच उद्योग उरतो, आणि लढाई चालू असताना मॅजिका एरवीच्या तिसऱ्या हिश्शानेच भरते.

मी याचा हिशोब मांडून पाहिला. इन्सिनरेटचा मूळ फटका ६० आहे. आगीचा फटका वाढवणारे 'ऑगमेंटेड फ्लेम्स'चे दोन्ही पर्क (लेव्हल वाढली की निवडायचे गुण) घेतले की तो ९० होतो, पण मास्टरवर खेळाडूचा फटका निम्मा धरला जातो, म्हणजे हाती ४५ उरतात. ड्युअल कास्टिंगने (दोन्ही हातांनी एकच मंत्र सोडल्याने) परिणाम २.२ पट होतो खरा, पण मॅजिका २.८ पट जाते. मुख्य दुखणे असे की डिस्ट्रक्शन २५ असो की १००, मंत्राचा फटका तेवढाच राहतो; विद्या वाढल्याने फक्त खर्च कमी होतो. तलवारवाल्याचे तसे नाही. त्याचे कौशल्य वाढले की फटका वाढतो, 'आर्म्समन'चे पाच पर्क घेतले की तो दुप्पट होतो, शिवाय लोहारकामात पाते परजून घेता येते ते वेगळेच. आमच्या कोल्हापुरात तालमीत जाणाऱ्या पोराचे जोर-बैठका वाढले की त्याची पकडही घट्ट होते. माझ्या जादूगारणीचा मात्र खुराक तेवढा कमी होतो, पकड आहे तशीच राहते.

आता नको असलेले उपाय आधीच सांगून ठेवते. एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवण्याची विद्या) १०० करून डोके, अंग, अंगठी आणि गळ्यातला हार अशा चार वस्तूंवर प्रत्येकी २५ टक्के 'फॉर्टिफाय डिस्ट्रक्शन' चढवले की मंत्र फुकट पडतात, हे मला माहीत आहे. पण मॅजिकाचा हिशोबच संपला तर जादूगार होण्यात राम काय राहिला? राजारामपुरीत राहणाऱ्या धाकट्या भावाच्या मित्रांचे उत्तर तर तयारच असते, "ताई, मॉड टाका की सरळ!" माझा संगणक जुना आहे आणि मला खेळ आहे तसाच जिंकायचा आहे. डिफिकल्टी खाली आणणे हा शेवटचा मार्ग झाला.

अजून एक गोष्ट. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि इन्व्हर्टरवर संगणक फार वेळ तग धरत नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटे रेंगाळणारी एकेक झुंज मला परवडत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच की हत्यार न घेता आणि मंत्र फुकट न करता लढाई लवकर आटोपण्याची रीत कोणती? पुढचे पर्क कुठे घालावेत?

प्रतिसाद

तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त त्यातली एक बाजू राहिली आहे. मास्टरवर निम्मा होतो तो तुम्ही स्वतः दिलेला फटका. तुम्ही बोलावलेल्या प्राण्याने शत्रूला दिलेला किंवा एका शत्रूने दुसऱ्याला दिलेला फटका पुराच लागतो. म्हणून वरच्या डिफिकल्टीवर मारण्याचे काम 'कॉन्ज्युरेशन'कडे (असे प्राणी बोलावण्याच्या विद्येकडे) द्यावे आणि डिस्ट्रक्शनकडे फक्त शत्रूला रोखून धरण्याचे काम ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोखण्यासाठी 'इम्पॅक्ट' हा पर्क आहे, जो डिस्ट्रक्शन ४० ला मिळतो. दोन्ही हातांनी सोडलेल्या मंत्राने शत्रू मागे धडपडतो आणि त्या धडपडण्याचा मंत्राच्या ताकदीशी संबंध नाही. तेव्हा महागडे इन्सिनरेट खर्चू नका. जुना स्वस्त फायरबोल्ट दुहेरी सोडला तरी डेथलॉर्ड तितकाच डगमगतो. ड्रॉगरवर थंडीचे मंत्र वाया जातात, कारण त्यांना त्यापासून निम्मे संरक्षण आहे. सध्या बोलावून आणलेला बर्फाचा फ्रॉस्ट अॅट्रोनाक पुढे उभा करा आणि कॉन्ज्युरेशन वाढवत न्या. एक्स्पर्ट दर्जाचा 'ड्रेमोरा लॉर्ड' हाती आला की त्याची दोन हाती तलवार तुमचे निम्मे काम करील. १०० ला 'ट्विन सोल्स' घेतले की असे दोन उभे राहतात, आणि मग थडग्यात खांबाभोवती पळायची वेळ ड्रॉगरवर येते!

फटकाच वाढवायचा असेल तर किमया आहे. नाइटशेड आणि ग्लोइंग मशरूम एकत्र घोटले की फॉर्टिफाय डिस्ट्रक्शनचे औषध होते. कपड्यांवरचा त्याच नावाचा गुण खर्च कमी करतो, पण औषध ६० सेकंद मंत्राची ताकद वाढवते, हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मॅजिकाचा हिशोबही शाबूत राहतो, म्हणजे तुमची अट मोडत नाही.

चिलखत नसल्यामुळे 'आल्टरेशन' या विद्येतला 'मेज आर्मर' हा पर्क मात्र चुकवू नका; तिन्ही पायऱ्या घेतल्या की 'स्टोनस्किन'सारख्या मंत्रांचे संरक्षण तिप्पट होते. थंडीच्या मंत्रांवर पर्क खर्च झाले असतील तर हळहळू नका. ड्रॅगनबॉर्नच्या मुख्य कथेत मिराक या शेवटच्या शत्रूला हरवल्यावर 'वेकिंग ड्रीम्स' या काळ्या ग्रंथात ड्रॅगनचा एक आत्मा देऊन एका विद्येतले सगळे पर्क परत घेता येतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. फटका फक्त माझाच निम्मा होतो, हे कळल्यावर पुढचे सगळे पर्क कॉन्ज्युरेशनकडे वळवायचे ठरवले आहे. मिराक अजून दूर आहे, त्यामुळे थंडीचे पर्क तूर्त तसेच राहतील. एक शंका उरली. शत्रू एकमेकांना पुरा फटका देत असतील तर 'इल्यूजन' या मन भुलवणाऱ्या विद्येतल्या 'फ्रेन्झी' मंत्राने ड्रॉगरांनाच आपापसांत झुंजवता येईल का? माझे इल्यूजन ५० च्या आसपास आहे.

प्रतिसाद

दरोडेखोर आणि जादूगार यांच्यावर चालेल, तेही तुमच्या मंत्राच्या लेव्हल-मर्यादेत. दुहेरी सोडला तर ती मर्यादा वाढते. ड्रॉगर मृत असल्यामुळे त्यांच्यावर 'मास्टर ऑफ द माइंड' घेतल्याशिवाय काही होत नाही, आणि तो पर्क इल्यूजन ९० ला मिळतो. तोपर्यंत थडग्यात अॅट्रोनाक आणि दरोडेखोरांच्या गुहेत फ्रेन्झी, अशी वाटणी ठेवा. इल्यूजन वाढवायला 'मफल' हा पावलांचा आवाज दडवणारा मंत्र पुन्हा पुन्हा म्हणत चालत राहिले तरी पुरते, त्यासाठी समोर शत्रू लागत नाही.