सपाट पाय, इनसोल आणि आईबापांना घातलेली भीती

खडूस_मास्तर

'सपाट पाय: आजच उपाय करा' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून हा वेगळा धागा. तिथला मुद्दा थोडक्यात असा: धागाकर्तीच्या चार वर्षांच्या मुलीचे तळवे सपाट दिसले, लगेच पायांचे साचे घेऊन इनसोल (बुटात तळव्याखाली घालायच्या आधाराच्या गाद्या) करवले, आता तळव्याची कमान 'येतेय', आणि जे आईबाप असं करत नाहीत ते मुलांच्या गुडघ्या-कमरेचं वाटोळं करताहेत.

अहो, चार वर्षांच्या पोराला कमान असते कुठे? तळव्याखाली चरबीची गादी, सांधे लवचिक. कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू उमटते, इनसोल घाला वा न घाला. वेंगर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली हेच तपासून छापलं. काही मुलांना खास बूट, काहींना इनसोल, काहींना काहीच नाही, असं तीन वर्षं. काहीच न केलेल्या मुलांचे पायही तेवढेच सुधारले.

घरी बघायचं तर मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून टाचेकडे बघा. कमान दिसली, टाच आत वळली, म्हणजे पाय लवचिक. दुखत नसेल तर विषय संपला.

घोट्यात_घोटाळा

'विषय संपला' म्हणणारेच मलाही भेटले होते, मास्तर. पन्नाशीत एकाच पायाचा घोटा आतल्या बाजूने दुखायला लागला. हाडाच्या मागे बोटभर सूज. उत्तर मिळालं, 'सपाट पाय आहेत, असतात बऱ्याच जणांना, वजन कमी करा.' अहो, माझे पाय सपाट नव्हतेच, होत होते! त्याच पायाच्या चपलेची आतली कड झिजून गेली, मागून पाहिलं तर घोट्याच्या बाहेर जास्तीची बोटं दिसायला लागली. शेवटी दुसऱ्या एकांनी सांगितलं, 'फक्त या पायावर उभ्या राहा आणि टाच उचला.' उचललीच जाईना. टिबियालिस पोस्टेरिअर, म्हणजे कमान तोलून धरणारा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर), खराब झाला होता. 'लहान मुलांचं आपोआप बरं होतं' हे वाचून माझ्यासारख्या बायका घरी बसतात, त्याचं काय?

पळपुटा

इनसोल नको, व्यायाम नको, बूट फेका. आपल्याच देशात राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलं तपासली होती, १९९२ चा अभ्यास. बूट घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८. मी कित्येक वर्षं अनवाणी पळतोय, पाय दगड झालेत. आणि सपाट पाय म्हणजे दुबळे पाय हेही थोतांड. १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींवर अभ्यास झाला, त्यात जास्त दुखापती उंच कमानवाल्यांना झाल्या होत्या.

शंकासुर

आले अनवाणी संप्रदायाचे प्रचारक! ती पाहणी होती हो. मुलांना चिठ्ठ्या टाकून बूट आणि अनवाणी असं वाटलं नव्हतं. आणि चार ते तेरा वयाच्या मुलांचे आकडे दाखवून मोठ्या माणसांना बूट फेकायला काय सांगता? माझ्या वडिलांना मधुमेह. असलंच काहीतरी ऐकून अनवाणी चालायला लागले. तळवे बधीर, खिळा घुसला तरी पत्ता नाही. जमिनीवर लाल ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळलं. पुढची जखम महिनोन्महिने चालली.

पळपुटा

मधुमेह्यांना मी कधी सांगितलं? वाक्यं तोंडात कोंबू नका.

शंकासुर

'बूट फेका' म्हणालात. कोणी, ते लिहिलं नाहीत. वाचणाऱ्याने ओळखायचं का?

पळपुटा

बरं, बधीर पायांनी फेकू नका. झालं समाधान? आता कुशन भरलेल्या बुटांनी पाय आळशी होतात, यावरही बोला ना. तिथे मात्र शांतता.

शंकासुर

आळशी पायांचं माहीत नाही, आळशी युक्तिवाद मात्र समोर दिसतोय.

टाचेपासून_सुरुवात

दोघेही जरा थांबा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर: अशा माणसाचा पाय अचानक सुजला, गरम लागला, आकार बदलू लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर चर्चा नको.

माझं खरं दुखणं वेगळंच. लोक ओल्या पायाचा ठसा काढून फोटो पाठवतात, 'किती सपाट?' ठशावरून पाय दुखणार का, हे कळत नाही. पोटरी बघा! हॅरिस आणि बीथ यांनी १९४७ मध्ये कॅनडाच्या सैनिकांचे पाय तपासून हेच मांडलं, की लवचिक सपाट पाय सहसा त्रास देत नाही, आखडलेल्या पोटरीसोबतचा देतो. म्हणून पोटरी ताणा. भिंतीला हात, मागचा गुडघा सरळ, आणि कमान खाली ढासळू न देता. ढासळली तर पोटरीऐवजी पायाचा मधला भागच ताणला जातो.

दुसरा व्यायाम पाऊल आखूड करण्याचा. बोटं मुडपायची नाहीत. अंगठ्याच्या मुळाचा भाग टाचेकडे ओढायचा. दहातले नऊ जण बोटं मुडपतात आणि 'फरक नाही' म्हणून आठवड्यात सोडतात, मग खापर आमच्यावर.

मास्तर, तुमची चाचणी बरोबर, पण अर्धी. चवड्यांवर उभं केल्यावरही पाय सपाटच राहिला, म्हणजे ताठ असला, तर हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात. दहा-बारा वर्षांचं मूल वारंवार घोटा मुरगळतो म्हणून तक्रार करतं, ते यातलं असू शकतं. तिथे तपासणी हवीच.

साऊचीआई

ज्या धाग्याची चिरफाड चाललीय तो माझा. मुलगी चालताना रोज पाय दुखतात म्हणून उचलून घ्यायला लावायची. इनसोल घातल्यापासून ते बंद. आता मी ते काढून फेकू?

खडूस_मास्तर

दुखत होते, हे मूळ धाग्यात एका ओळीत तरी लिहायचंत! तिथे सगळा जोर कमानीवर आणि इतर आईबापांच्या बेजबाबदारपणावर. दुखण्यासाठी इनसोल घातले, आराम पडला, तर खुशाल वापरा. कमान त्यामुळे आली हे मात्र मानणार नाही. आणि मापाचेच हवेत असंही नाही, मुलांत तयार इनसोलपेक्षा ते सरस ठरल्याचा भक्कम पुरावा नाही.

साऊचीआई

मोठी मेहरबानी. 'वाटोळं' हा शब्द मागे घेते, बाकी धागा तसाच राहील.

घोट्यात_घोटाळा

माझा प्रश्न मात्र सगळ्यांच्या भांडणात वाहून गेला. @टाचेपासून_सुरुवात, घोट्याला आधारपट्टा आहे, टाचा उचलायचा व्यायाम सांगितलाय, पण दुखतं. करू की नको?

टाचेपासून_सुरुवात

ताई, आधी दोन्ही पायांवर, कशाला तरी धरून, टाचांमध्ये छोटा चेंडू दाबून. एका पायाची घाई नको. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं असेल तर संख्या कमी करा. आणि घरातल्या घरातही पट्टा आणि बूट घालूनच चाला, पळपुटा काहीही म्हणोत.

पळपुटा

मी काही म्हटलेलंच नाही.