पायऱ्यांचे गुण
गणितात उत्तर बरोबर असताना पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून गुण का कापायचे, असं काहीजण विचारतात. मला तो नियम रास्तच वाटतो. √(क्ष + ३) = क्ष − ३ हे घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष १ किंवा ६ येतो. आता १ मूळ समीकरणात घालून बघा: डावीकडे २, उजवीकडे उणे २. म्हणजे ते बाद. नुसतं ‘६’ लिहिणाऱ्याने ताळा करून १ वगळला की आकडे घालत घालत ६ गाठला, हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

नुसत्या हजेरीला गुण देणं मात्र मला पटत नाही. डुलक्या काढणाराही हजरच असतो की! तसंच उशिरा आलेल्या गृहपाठाला शून्य देण्यापेक्षा तो थोडे गुण कापून घ्यावा. शून्यच मिळणार म्हटल्यावर तो कुणी सोडवतच नाही.