कॅनॉल बोटीवर चार दिवस, वाटेत जेवायचं कुठं? चांगले पब कसे शोधायचे?

जुळेसोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. आमचे दीर इंग्लंडात कोव्हेंट्रीला असतात, त्यांनी यावर्षी सगळ्यांना बोलवलंय आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार एक कॅनॉल बोट बुक करून टाकलीय, ती लांबलचक अरुंद असते ना, नॅरोबोट म्हणतात, तसली. एल्समेअर नावाच्या गावातनं घ्यायची आणि वेल्समधल्या लँगॉलनला जाऊन परत यायचं. आता मला कॅनॉल म्हटलं की उजनीचा कॅनॉलच डोळ्यापुढं येतो, पाटात पाणी सुटलं की पोरं उड्या मारतात आणि कडंनं ऊस. त्यात बोट कशी चालते हेच पहिल्यांदा कळेना. केरळला हाऊसबोटीवर गेलो होतो तेव्हा आचारी, नावाडी सगळे बोटीवरच होते, आपण फक्त पाय पसरून बसायचं. इथं म्हणे कोणीच नसतं, आपणच चालवायची.

प्रश्न जेवणाचा आहे. दीर म्हणतात काळजी करू नका वहिनी, काठाकाठानं पब आहेत, तिथं जेवायचं. आमच्या ह्यांना तेवढं ऐकूनच आनंद झालाय. पण बरोबर सासूबाई आहेत, वय 68, लिंगायत, कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना "पब" म्हटल्यावर परमिट रूम वाटलं आणि त्यांनी सरळ सांगितलंय की दारूच्या दुकानात बसून मी जेवणार नाही. बरोबर एक 16 वर्षांचा आणि एक 11 वर्षांची आहे. मग चांगले पब आधीच कसे शोधायचे, व्हेज काय मिळतं, पोरांना आत घेतात का? गूगल मॅपवर बघितलं तर एका ठिकाणाहून दुसरं 12 मिनिटं दाखवतंय, म्हणजे जवळच आहे का सगळं?

कंबरतलाव

ताई, पहिली गोष्ट, ते 12 मिनिटं गाडीचे आहेत. कॅनॉलवर स्पीड लिमिट ताशी 4 मैल आहे आणि दुसऱ्या बोटी बांधलेल्या असतात तिथनं जाताना त्याहून हळू, अगदी रांगत. धरून चाला ताशी 3 मैल. आम्ही हिशोब असा करायचो, जायचे मैल अधिक वाटेतले लॉक, त्याला 3 ने भागायचं, येतील तेवढे तास. लॉक म्हणजे पाण्याची पायरी, एक लॉक पार करायला 15-20 मिनिटं धरायची. तुमचा रूट त्या मानानं सुखाचा आहे, एल्समेअर ते लँगॉलनमध्ये फक्त 2 लॉक येतात, न्यू मार्टनचे. पण जाताना पाणी अंगावर येतं. बाकी बहुतेक कॅनॉलचं पाणी उभं असतं, हा मात्र वाहतो, त्यामुळं जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना सुटतो.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. आम्ही चार मित्र गेलो होतो, जूनच होता. तिकडं जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, आपल्याला वाटतं अजून संध्याकाळच आहे. मस्त निवांत बोट चालवत, फोटो काढत, एका पबला पोचलो तेव्हा घड्याळात 9 वाजून 10 मिनिटं झाली होती. बार चालू, माणसं बसलेली, पण किचन 9 लाच बंद. म्हणजे बंदच, गोड बोलून, हात जोडून, काही उपयोग नाही. मिळाले काय तर वेफर्सची पाकिटं आणि खारे शेंगदाणे. सोलापूरचा माणूस सात-आठ हजार किलोमीटर जाऊन शेंगदाणे खाऊन झोपला.

म्हणून पब शोधताना पहिलं बघायचं ते स्टार नाहीत, किचन किती वाजता बंद होतं ते. पब उघडा असणं आणि जेवण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारणपणे दुपारी 12 ते 2-अडीच आणि संध्याकाळी 6 ते साडेआठ-9. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी किचन झोपलेलं असतं. रविवारी दुपारी संडे रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या) असतं आणि संध्याकाळी लवकर आवरतात. आणि ताई, सोमवारी पुष्कळ गावातले पब जेवण देतच नाहीत, काही तर पूर्ण बंद असतात. तुमची पहिली रात्र नेमकी सोमवारची आहे. पहिल्या रात्री बोटीवरच खिचडी टाका, पबच्या भरवशावर राहू नका.

सात_रस्ता

काय बे लोकं कुठं कुठं जाऊलालेत. आम्ही इथं हिप्परग्याच्या तलावाकडं बघत बसतो.

मिडलँड्समधला_सोलापूरकर

मी इकडं 11 वर्षं आहे आणि हा रूट दोनदा केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर माफी.

आधी सासूबाईंचं. त्यांना सांगा की इथला गावाकडचा पब म्हणजे परमिट रूम नाही. अंधार नाही, धूर नाही, आत सिगरेट ओढायला कायद्यानं बंदी आहे. म्हातारी जोडपी दुपारी चहा पीत बसलेली असतात, पोरं चित्रं रंगवतात, टेबलाखाली कुत्री झोपलेली असतात (कुत्र्यांची भीती असेल तर बाहेरच्या बाकावर बसा). माझी आई पण पहिल्यांदा नाक मुरडून आली होती, नंतर तिलाच बागेतलं टेबल लागायचं. पोरांना मोठ्यांबरोबर जेवायला आत घेतात, फक्त काही ठिकाणी रात्री 8-9 नंतर नको म्हणतात. एक कायदा मुलापासून लपवून ठेवा, 16-17 वर्षांच्या पोरांना मोठ्या माणसाबरोबर जेवताना बिअर, वाईन किंवा सायडर चालते. विकत मात्र मोठ्यानंच घ्यायची.

पद्धत अशी की वेटरची वाट बघत बसायचं नाही. टेबलाचा नंबर बघायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे तिथंच, जेवण टेबलावर येतं. आमचे पाहुणे एकदा अर्धा तास बसून राहिले आणि म्हणाले काय सर्व्हिस आहे. पाइंट म्हणजे 568 मिली, ह्यांना सांगा हाफ पण मागता येतो. बोट चालवायची असेल तेव्हा दुपारी तेवढापण नको. बोट कंपन्या प्यायलेल्या माणसाला सुकाणूला हात लावू देत नाहीत आणि लॉकमध्ये बोट अडकली तर गंमत राहत नाही. प्यायची ती संध्याकाळी, बोट बांधून झाल्यावर. अंधारात चालवायची परवानगी भाड्याच्या बोटींना नसतेच.

आता तुमचा प्लॅन. सोमवारी बोट हातात यायला दुपारचे 3-4 होतील, तासभर ते शिकवतात. एल्समेअरच्या वार्फला (बोटींच्या धक्क्याला) लागूनच टेस्को सुपरमार्केट आहे, दूध, दही, भाजी तिथंच भरा. मग अडीच-तीन तासांवर हिंडफर्डला पोचाल, तिथं जॅक मिटन नावाचा पब कॅनॉलच्या काठालाच आहे. पण सोमवार असल्यामुळं आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. गावाकडचे पब कधी मालक बदलतात, कधी बंद पडतात, दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून जाण्यात अर्थ नाही, नेहमी सगळ्यात नवा रिव्ह्यू आणि त्यांचं फेसबुक पेज बघायचं.

मंगळवारी दोन लॉक करून चर्कच्या अलीकडं ग्लेडरिडला पोचर्स नावाचा पब लागतो, बोट बांधायला जागा आहे, दुपारचं तिथं. मग चर्कचा जलसेतू, म्हणजे कॅनॉलच पुलावरनं जातो, 1801 चा, सुमारे 21 मीटर उंच, अलीकडं इंग्लंड पलीकडं वेल्स, शेजारनं रेल्वेचा पूल त्याच्याहून उंच गेलाय. लगेच बोगदा. एकच बोट मावते, समोरून लाईट दिसला तर थांबायचं. संध्याकाळपर्यंत ट्रेव्हर. तिथं पाँटकसिल्टेचा जलसेतू, थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला, 1805 साली पूर्ण झाला, 307 मीटर लांब, 38 मीटर उंच. लोखंडी हौदातनं बोट जाते, एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, खाली डी नदी. 2009 पासून जागतिक वारसा आहे. सासूबाईंना त्या बाजूच्या खिडकीत बसवू नका, किंवा बसवा, त्यांच्या जिगरवर आहे. पलीकडं ट्रेव्हर बेसिनला टेलफर्ड इन आहे, सहा जण असाल तर टेबल सकाळीच फोन करून सांगा. ही सगळ्यात महत्त्वाची टीप समजा, दोघं जण कुठंही मावतात, सहा जणांना आयत्या वेळी जागा मिळत नाही.

बुधवारी लँगॉलन. कॅनॉल तिथं इतका अरुंद होतो की काही टप्प्यात एकच बोट जाते, एकजण पुढं चालत जाऊन समोरून कोणी येतंय का बघतो. जेवायला गावात खाली नदीवर कॉर्न मिल आहे, जुनी गिरणी, बाहेर लाकडी डेक, खालनं पाणी खळाळत जातं. मला विचाराल तर पूर्ण रूटवर बसायला यापेक्षा भारी जागा नाही. दुपारी जेवून परत फिरा आणि चर्कपर्यंत या, नाहीतर गुरुवारी फार ताण होतो.

शेंगापोळी_फॅन

मी स्वतः शाकाहारी म्हणून व्हेजबद्दल बोलते. मेनूवर व्ही लिहिलेलं असतं ते व्हेज, पण त्यात अंडं असू शकतं, सासूबाईंसाठी व्हीगन चिन्ह बघा, मग अंड्याचा प्रश्नच मिटतो. जॅकेट पोटॅटो म्हणजे अख्खा भाजलेला बटाटा, वरून चीज नाहीतर बीन्स, हा सगळ्यात सेफ. चिप्स बऱ्याच ठिकाणी मासे तळलेल्या तेलातच तळतात, वेगळा फ्रायर आहे का हे स्पष्ट विचारा, त्यांना त्यात काही वाटत नाही, सवय आहे. वूस्टरशर सॉसमध्ये मासा असतो, चीज टोस्टवर पण घालतात. ग्रेव्ही व्हेज आहे का विचारायची.

आणि चव बेताचीच असते हो. मीठ, मिरी, संपलं. पर्समध्ये शेंगा चटणीची डबी ठेवा. मी जॅकेट पोटॅटोवर चटणी घालून खाल्ला, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मागून घेतली आणि डोळ्यातनं पाणी काढत म्हणाले व्हेरी नाइस.

चादरवाला

पब बिब ठीक आहे, पण एका माणसाच्या जेवणाला 15 पौंडांच्या आसपास जातात, सहा जण, दोन वेळ, चार दिवस, हिशोब करा. बोटीवर गॅसची शेगडी, फ्रीज, भांडी सगळं असतं. कडक भाकरी कशासाठी आहे मग? महिनाभर टिकते. कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे पहिल्या दोन दिवसांचे, वरनं टेस्कोचं दही. एक लक्षात ठेवा, इथनं पेढे, खवा, तूप, मटण असलं काही नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडं एअरपोर्टवर काढून घेतात.

कंबरतलाव

चादरवाले, बरोबर, पण रोज बोटीवरच जेवायचं तर स्वयंपाक कोण करणार? ताईच ना? मग त्यांची सुट्टी कसली? एक वेळ बोटीवर, एक वेळ पबात, असं ठेवा ताई, आणि बोटीवरच्या वेळी ह्यांना कुकर लावू द्या.

शोधायचं कसं तर, गूगलपेक्षा पुलाचे नंबर बघा. कॅनॉलवर प्रत्येक पुलाला नंबराची पाटी असते, पत्ता त्यानंच सांगतात, अमुक नंबरच्या पुलाजवळचा पब. तुमच्या रूटवर फ्रँकटनच्या पुढं नंबरामागं डब्ल्यू येतो, गोंधळू नका. निकोल्सनचं गाईड मिळतं, त्यात कॅनॉलच्या नकाशावर पब, पाण्याचे नळ, दुकानं सगळं दाखवलंय. बरेचदा बोटीवरच एक फाटकी कॉपी असते. आणि सगळ्यात भारी म्हणजे समोरून येणाऱ्या बोटवाल्याला विचारायचं, काल कुठं जेवलात? इतक्या हळू जाता की अख्खं बोलणं होतं.

मिडलँड्समधला_सोलापूरकर

+1. अजून एक, पुढच्या वेळी सासूबाईंना खूष करायचं असेल तर लंडनकडचा पॅडिंग्टन आर्म नावाचा कॅनॉलचा फाटा बघा. बुल्स ब्रिज ते लिटल व्हेनिस एकही लॉक नाही आणि कॅनॉल अल्पर्टनमधनं जातो, तिथं वर चढलं की ईलिंग रोड, गुजराती फरसाण, डोसे, सगळं. देखावा काही नाही, गोडाऊनं आहेत, पण पोट भरतं.

जुळेसोलापूरची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सोमवारचं तर आम्हाला माहीतच नव्हतं, दिरांना सांगितलं तर ते म्हणाले अरे हो. ट्रेव्हर आणि कॉर्न मिल दोन्हीकडं सहा जणांचं टेबल सांगून ठेवतोय. कडक भाकरी नवी पेठेतनं आणणार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बाहेर बागेत बसायचं असेल तर बघू, आणि कठडा नसलेल्या बाजूलाच बसणार म्हणाल्या. त्यांची एकच शंका राहिलीय, जूनमध्ये कॅनॉलला पाणी असतंय का, का आवर्तन संपलेलं असतंय?

मिडलँड्समधला_सोलापूरकर

😂 आजींना सांगा या कॅनॉलला आवर्तन नाही. लँगॉलनच्या वर हॉर्सशू फॉल्स नावाच्या बंधाऱ्याला डी नदीचं पाणी आत घेतात आणि ते वाहत वाहत खाली हर्ल्स्टनच्या तलावात जातं, तिथनं लोकांच्या नळाला प्यायला. म्हणून तर पाणी अंगावर येतं. आणि हो, म्हणून त्यात खरकटं टाकायचं नाही, त्यांना आवर्जून सांगा.

सात_रस्ता

म्हणजे उजनीच की बे, फक्त बोट घातली.